काजवेबाईंनी चोरून पाहिलेले दोन ठिपके

काजवेबाईंना हे नाव त्यांच्या नवऱ्यानंच दिलं, आणि तेही जिन्यात, चार माणसांत. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान इमारतीच्या तळमजल्यावर आणि घर तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे माणूस सदा जिन्यात सापडायचा. एकदा कुणीतरी सहज विचारलं, "वहिनी त्या प्रयोगशाळेत नेमकं करतात तरी काय?"

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "काजवे पाळते. पुरुषांच्या अंगात सोडायचे. प्रोस्टेटचा कॅन्सर कुठे दडून बसला असेल, तर हे नेमके त्याच्यावर जाऊन बसतात आणि चमकतात. वरून फोटो काढला की चोर सापडला."

विचारणाऱ्यानं नकळत पाय जवळ घेतले. संध्याकाळपर्यंत हे नाव गच्चीपर्यंत पोचलं होतं. बाईंना राग यायला हवा होता, पण त्यांच्यापर्यंत बातमीच पोचली नाही. शेजारीण "काय काजवेबाई, आज लवकर?" म्हणाली तेव्हा त्या "हो, गॅलियम संपलं," असं म्हणून वर निघून गेल्या.

त्यांचं हे असंच. चालता चालता कुठेतरी निघून जायच्या. बसमधून आपला थांबा मागे पडला तरी काचेला डोकं टेकून बसून राहायच्या. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर म्हणायचा, "मॅडम, आता परत जायचं की इथंच राहायचं?" दूध आणायला खाली उतरायच्या आणि भांडं हातात धरून दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांकडे बघत उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं, बाई कुणाचे कपडे मोजतायत. त्या दोरीचा झोल बघत असायच्या.

कारण बाईंचं सगळं आयुष्य एका दोऱ्यात अडकलं होतं. हॉस्पिटलच्या तळघरात त्यांची प्रयोगशाळा होती आणि तिथे त्या एक रेणू घडवत होत्या. रेणू डोळ्याला दिसत नाही, पण बाई सांगू लागल्या की तो समोर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. एका टोकाला पंजा. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींवर एक प्रथिन असतं, दाराच्या कडीसारखं बाहेर आलेलं. पंजा ती कडी पकडतो. दुसऱ्या टोकाला पिंजरा, आणि पिंजऱ्यात गॅलियमचा एक किरणोत्सारी अणू. तो असेल तिथून खूण करतो आणि स्कॅनचं यंत्र ती खूण टिपतं. पंजा दुसऱ्यांनी शोधून ठेवला होता, पिंजराही. काजवेबाईंच्या वाट्याला आला तो या दोहोंमधला दोरा. आखूड झाला की पिंजरा पंजाला धडकतो आणि पकड सुटते. लांब झाला की सगळं प्रकरण रक्तातच लोंबकळत राहतं आणि फोटो धुरकट येतो. डोक्याचे केस पिकले तरी बाई तो दोरा अणू-अणूनं लांब-आखूड करत होत्या.

"वहिनी, माझ्या शिंप्याकडे दे," त्यांची नणंद म्हणायची. "एका बैठकीत कापून देईल."

नणंद दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची जीभ तिच्या आधी घरात शिरायची. पण वहिनीवर तिचा जीव होता, आणि जीव असला की ती जास्तच टोचून बोलायची.

बाईंच्या मनात मात्र हा सगळा लपंडाव चालायचा. त्यात राज्य कायम त्या एकट्या रेणूवर. लपणारा शहाणा, हाडात लपेल, पाठीमागच्या कोपऱ्यात लपेल, आणि हा बिचारा सगळ्या अंगभर पळत, प्रत्येक दाराची कडी चाचपत. शिवाय वेळ थोडा. गॅलियम तासाभरात निम्मं होतं, पुढच्या तासाभरात आणखी निम्मं. संध्याकाळी घरी येताना बाईंना वाटायचं, सकाळी आपण जे केलं ते आता जगात जवळजवळ नाहीच. धुकं उचलल्यासारखं निघून गेलं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट हलकं वाटायचं.

रोज सकाळी प्रयोगशाळेत पहिलं काम धार काढण्याचं. गॅलियम ज्या शिशाच्या डब्यातून मिळतं त्याला या धंद्यातले लोक गायच म्हणतात. आत एक दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य संथपणे झिजत बसलेलं असतं आणि त्यातून गॅलियम जमत राहतं, कासेत दूध उतरावं तसं. बाई जाड काचेमागे उभ्या राहून आम्लाचं पाणी आत सोडायच्या आणि दुसऱ्या नळीतून थेंब थेंब धार बाटलीत यायची. त्या वेळी कुणी त्यांच्याशी बोलत नसे. बोललं तरी त्यांना ऐकू जात नसे.

आता सांगायची गोष्ट अशी, की बाई दिवसभर परक्या पुरुषांच्या प्रोस्टेटची काळजी वाहत होत्या आणि घरचा पुरुष तिसऱ्या मजल्यावर बिनपाहाऱ्याचा पडला होता.

चष्मेवाल्यांना शहरातले सगळे संडास पाठ होते. बाजारात जायचं तर ग्रंथालयावरून, कारण तिथे सोय आहे. नाटकाला जायचं तर कडेची खुर्ची. बसनं जायचं तर अर्ध्या वाटेत उतरून पुढे चालत, "पायाला व्यायाम" म्हणून. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसवून, डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट चढवून, "आलोच हं" म्हणून जायचे आणि गिऱ्हाईक बिचारं अक्षरांच्या तक्त्यासमोर एक डोळा झाकलेल्या अवस्थेत बसून राहायचं. सगळ्या इमारतीला हे दिसत होतं. बायकोला दिसत नव्हतं. ती दोरीचा झोल बघत होती.

शेवटी तोंड उघडलं ते नणंदेनं. जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांसमोर. "दादा, खरं सांग. तू माझ्या घरी येतोस तो मला भेटायला, की माझ्या संडासाला?"

पाहुणे हसले. चष्मेवालेही हसले. काजवेबाईंच्या हातातला चमचा मात्र ताटाच्या वरच थांबला. जणू कुणीतरी खोलीतला दिवा लावला आणि समोर मांडून ठेवलेलं सगळं एकदम दिसलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"अगं, पाणी जास्त पितो मी."

"किती दिवस, अहो?"

"दिवस कशाला मोजतेस," चष्मेवाले म्हणाले, "वय झालं."

रक्त तपासलं, प्रोस्टेटचा म्हणून जो आकडा असतो तो वाढलेला निघाला. डॉक्टरांनी हातमोजा चढवून जे तपासायचं ते तपासलं. त्याचं वर्णन चष्मेवाल्यांनी जिन्यात कुणालाच केलं नाही, यावरून लोकांनी काय ते ओळखलं. सुईनं तुकडा काढून पाहिला आणि त्यात कॅन्सर निघाला. आता प्रश्न एकच राहिला. तो ग्रंथीतच आहे, की घर सोडून बाहेर पडलाय? घरात असेल तर ऑपरेशन करून काढता येईल. बाहेर पसरला असेल तर मग फक्त त्याला थोपवत राहायचं, जमेल तितके दिवस.

आणि हे दाखवणारी वस्तू तर बाईंच्याच तळघरात तयार होत होती. नव्या दोऱ्याचा रेणू माणसांना द्यायला नुकतीच परवानगी मिळाली होती.

"म्हणजे तुझे काजवे माझ्यात सोडणार?" चष्मेवाले म्हणाले. त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटली की त्यांना विनोद सुचायचे. "मग मी अंधारात चमकेन का? दुकानाच्या पाटीचं वीजबिल वाचेल."

विभागाचे साहेब भले माणूस. म्हणाले, "त्या दिवशी दुसरं कुणी धार काढेल. तुम्ही सुट्टी घ्या."

"नको," बाई म्हणाल्या. "मीच काढते."

त्या सकाळी दोघं एकाच बसनं गेली. चष्मेवाले वर रुग्णांच्या खोलीत आणि बाई खाली तळघरात. काचेमागे थेंब पडू लागले. पिंजरे उघडे होते, गॅलियम आत शिरत होतं, सगळं नेहमीसारखं. तपासणी झाली, शुद्ध निघालं. बाईंनी सुई भरली, शिशाच्या डबीत ठेवली, डबी ढकलगाडीवर. गाडीवाला शीळ घालत लिफ्टकडे निघाला. त्या डबीकडे बघताना बाईंना वाटलं, आपण नवऱ्याला डबा तर कधी वेळेवर दिला नाही, आणि आज हा दिला.

इथे एक नियम सांगायला हवा, कारण तो मोडला गेला. स्कॅनचा फोटो दोन डॉक्टर वाचतात, वेगवेगळे, एकमेकांना न विचारता. त्यांचं वाचून होईपर्यंत रेणू बनवणाऱ्यांनी वाचनाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्यालाही कारण आहे. ज्यानं काजवा केला त्याला सगळीकडे काजवेच दिसतात, आणि मग तो डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभा राहून सुस्कारे सोडतो. काजवेबाईंनी हा नियम नेहमी पाळला होता. परिषदांमध्येसुद्धा डॉक्टर लोक फोटो दाखवायला लागले की त्या उठून चहाला जायच्या. "माझं काम दोऱ्यापर्यंत," असं म्हणायच्या.

त्या दुपारी त्या हात धुऊन वर आल्या. वाचनाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार, थंड हवा, खुर्ची रिकामी. आणि पडद्यावर एक माणूस उभा होता, संध्याकाळच्या रंगाचा.

चेहरा नव्हता, पण खांद्याचा उतार ओळखीचा होता. डावा खांदा जरा खाली, दुकानात वाकून वाकून तसा झालेला. त्या सावळ्या माणसाच्या आत दिवे लागले होते. डोळ्यांच्या वर कोपऱ्यात दोन छोटे, तिथे अश्रूंच्या ग्रंथी. जबड्याखाली लाळेच्या. कमरेवर दोन मोठे मूत्रपिंडांचे, खाली मूत्राशयाचा भरलेला कंदील. हे सगळे बाईंना माहीत होते, ते प्रत्येकातच लागतात. खाली, ग्रंथीच्या जागी, एक ठिणगी. तीही अपेक्षित. पण पोटाच्या वरच्या भागात, पाठीच्या कण्याला लागून, दोन बारीक ठिपके होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. तिथे दिवा लागायचं काही कारण नव्हतं. घरातून निघालेला चोर चालत चालत जिथे पोचतो, अगदी तिथे.

बाई किती वेळ उभ्या होत्या त्यांनाच माहीत नाही. पावलं वाजली तशा त्या निघून आल्या. तो नवा दोरा किती छान जमलाय, किती स्वच्छ फोटो, हाही विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

अहवाल पुढच्या आठवड्यात मिळणार होता. विचारायची सोय नव्हती. विचारलं तर आपण डोकावलो हे सांगावं लागेल. नवऱ्याला सांगायचीही सोय नव्हती. बाईंनी मग एकच केलं. त्या नवऱ्याशी चांगलं वागू लागल्या.

हे ऐकायला साधं वाटतं, पण या जोडप्याला ओळखणाऱ्यांना विचारा. यांच्या घरात दिवसाची सुरुवातच कुरबुरीनं व्हायची. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथपासून. आता चष्मेवाल्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला तर बाई तो उचलून, झटकून, वाळत घालायच्या आणि वर हसायच्या. ते गाणं म्हणू लागले, चाल एकीकडे आणि शब्द दुसरीकडे, तर त्या दाराशी उभ्या राहून ऐकायच्या. एकदा तर "परत म्हणा ना," असंसुद्धा म्हणाल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि दुपारपर्यंत चर्चा केली.

बाई तरंगत होत्या. बसमध्ये बसल्या की समोरच्या माणसांचे कपडे पातळ व्हायचे, मग कातडी पातळ व्हायची, आणि आत ठिपके लागायचे. तिकीट काढणाऱ्या म्हाताऱ्यात दोन. पेपर वाचणाऱ्यात दोन. रस्त्यावरच्या दिव्यांच्या जोड्या एकीमागून एक मागे जायच्या आणि प्रत्येक जोडीच्या मधून एक कणा वर जायचा. त्या डोळे मिटायच्या, तर मिटलेल्या डोळ्यांतही तेच. घरी पोचल्या की नवऱ्याच्या पाठीवरून उगाच हात फिरवायच्या, बरगड्यांच्या खाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना, जणू बोटांनी विझवता येतील.

चष्मेवाले भोळे होते, पण इतके नव्हते. त्यांनी आधी थोडं चाचपून पाहिलं. भाजी अळणी आहे म्हणाले. "हो का, मीठ देते," बाई म्हणाल्या. खिडकी बंद केली. बाई काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी ठेवणीतला बाण काढला.

"तुझ्या आईचा आवाज," ते म्हणाले, "खरं सांगू? फारच कर्कश होता."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या वाक्यावर आजवर भांडी आपटली गेली होती. बाई मृदूपणे म्हणाल्या, "होता खरा."

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. त्यांनी उठून खिडकी स्वतःच उघडली आणि बाहेर बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दुकानातून वर निरोप धाडला, "जरा खाली ये. तुझा नंबर तपासतो, बरेच दिवस राहिलाय." दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावून केलेली अंधारी खोली. एक उंच खुर्ची, समोर उजेड सोडलेला अक्षरांचा तक्ता. बाई बसल्या. चष्मेवाल्यांनी चौकट त्यांच्या नाकावर ठेवली, एक डोळा झाकला आणि भिंगं बदलू लागले.

"हे स्वच्छ, की हे?"

"पहिलं."

"आता हे की हे?"

"दुसरं."

"खालची ओळ वाच."

बाईंनी वाचली. त्या अंधारात एक प्रकारची शांतता होती, पाण्याखाली असते तशी. नवऱ्याचा श्वास कानाजवळ, भिंग बदलल्याची बारीक टिकटिक, आणि समोर अक्षरं एकदा विरत, एकदा उमटत. बाईंचे खांदे कित्येक दिवसांनी सैल झाले. झोप येईल असं वाटलं.

"हे बरं?"

"बरं."

"आणि हे?"

"हेही."

"स्कॅनमध्ये काय पाहिलंस?" ते त्याच आवाजात म्हणाले.

समोरची अक्षरं पुसट होती. या वेळी भिंगाचा दोष नव्हता.

"अगं, तू माझ्याशी गोड बोलतेस," चष्मेवाले म्हणाले. "माणूस मेला तरी कुणी इतकं गोड बोलत नाही. मी मेलो नाहीये अजून. सांग."

बाईंनी सांगितलं. दार उघडं होतं इथपासून ते दोन ठिपक्यांपर्यंत. चौकट नाकावर तशीच होती आणि एक डोळा झाकलेला. चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं, बाजूच्या स्टुलावर बसले. मग म्हणाले, "डाव्याचा नंबर वाढलाय तुझा."

"अहो."

"ऐकतोय मी. बरं, मला हे सांग. तू फोटो वाचणारी डॉक्टर आहेस?"

"नाही."

"माझ्या दुकानात माणूस येतो. म्हणतो, मला दिसत नाही, मी आंधळा होणार. मी त्याची काच पुसून देतो, तो दिसतंय म्हणून नाचत जातो. सगळेच तसे नसतात, मला माहीत आहे. पण बघण्याचं काम ज्याचं त्यानं करावं की नाही? उद्या जाऊन विचार. मीही येतो."

"विचारलं तर मी डोकावले हे कळेल. मला या कामातून काढतील."

"कळू दे," चष्मेवाले म्हणाले आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा हलला. "तुझा दोरा कुठे जात नाही. मी जातोय का, ते तेवढं विचारू."

वाचनाच्या खोलीतली डॉक्टर वयानं लहान होती. थंडी वाजते म्हणून अंगाभोवती शाल, केस पेन्सिलीनं वर बांधलेले. बाईंनी दारातच उभं राहून, शाळेत उभं करतात तसं, सगळं सांगून टाकलं. डॉक्टर आधी चिडली.

"मॅडम, तुम्हीसुद्धा? नियम तुम्हीच लिहिलेत ना?"

"साहेबांना मी स्वतः सांगते. आत्ताच जाऊन. पण ते दोन ठिपके..."

"कुठले ठिपके?"

"कण्याजवळचे. पोटाच्या वर."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिली. मग चष्मेवाल्यांकडे बघितलं. ते दोन्ही हात मांडीत घेऊन बसले होते, आपल्याच दुकानातल्या गिऱ्हाइकासारखे. डॉक्टरचा राग गेला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी आलं.

"म्हणजे गेला आठवडाभर तुम्ही ते घेऊन फिरताय?" ती म्हणाली. "बसा. दोन्ही वाचनं सकाळीच पूर्ण झालीत, त्यामुळे दाखवायला हरकत नाही."

तिनं पडद्यावर एक फोटो आणला. संध्याकाळच्या रंगाचा माणूस, पण खांदे वेगळे. कण्याजवळ दोन ठिपके. "हा आपला स्वयंसेवक. धडधाकट." दुसरा आणला, जाडसर. दोन ठिपके. तिसरा, उंच. दोन ठिपके. एकामागून एक माणसं पडद्यावर येत होती, उभी राहत होती, जात होती, आणि प्रत्येकाच्या आत त्याच जागी ते दोन, कुणाचे मंद, कुणाचे ठळक.

"हे मज्जातंतूंचे झुपके आहेत, मॅडम. पोटातल्या कारभाराचे निरोप इथून जातात. सगळ्यांना असतात. मला, तुम्हाला, त्या लिफ्टवाल्याला. त्यांच्यावरही ती कडी असते थोडी, म्हणून तुमचा रेणू तिथे जरा टेकतो. जुन्या रेणूंमध्ये हे जेमतेम दिसायचे. तुमचा दोरा इतका चांगला आहे की छान दिसतात. आम्हालाही पहिले दोन दिवस दचकायला झालं. जुन्या फोटोंतले हे झुपके तर आम्ही प्रत्येक परिषदेत दाखवतो."

"मी चहाला जाते तेव्हा," काजवेबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या घशातून एक आवाज निघाला. हसणं होतं की दुसरं काही, ते त्यांनाही ठरवता आलं नाही.

"आणि खालची ठिणगी?" त्यांनी विचारलं.

"ती खरी आहे, काका," डॉक्टर सरळ म्हणाली. "ग्रंथीत डाव्या बाजूला. पण तिथेच. बाहेर आम्हाला दोघांनाही काही सापडलं नाही."

"म्हणजे आहे."

"आहे. आणि काढता येण्यासारखा आहे."

बाईंना तेव्हा कळलं की गेल्या आठवड्यात मोठ्या भीतीच्या आडोशाला त्यांनी या खऱ्या भीतीकडे पाहिलंच नव्हतं. ती तशीच बसली होती, शांत, आपली पाळी यायची वाट बघत. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती लहान होती आणि एका जागी होती. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, डॉक्टरसमोर, आणि चष्मेवाल्यांनी तो सोडवून घेतला नाही.

साहेबांनी बाईंना बोलावून जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि पेशंटांच्या कामातून काही दिवस दूर केलं. "घरी बसा. नाहीतरी तुम्हाला घरी काम आहे," असं म्हणाले. बाईंनी मान डोलावली. बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात दोऱ्यातला एक तुकडा सुटा होऊन फिरू लागला होता. पंजाच्या जवळ जरासा ताठपणा आणला, तर रेणू त्या झुपक्यांवर कमी टेकेल का? म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात, घाईत असलेला कुणी वाचणारा दचकणार नाही, आणि एखाद्याचं ऑपरेशन उगाच रद्द होणार नाही. त्या विचारात त्या थेट भिंतीवर चालत गेल्या. चष्मेवाल्यांनी दंडाला धरून वळवलं.

ऑपरेशनची तारीख घेतली. दुकान काही दिवस बंद ठेवणं भाग होतं. चष्मेवाल्यांचा विचार होता की "गावाला जात आहोत" असं लिहावं. पुरुषमाणसाचा खालचा आजार, जिन्यात कशाला?

"तसं लिहा आणि बघा," नणंद म्हणाली. "दादा, तुला संडास सापडायला सगळं शहर पाठ, आणि हे एक सांगायला लाज? लिही खरं."

लिहिलं वहिनीनं. पाटीवर मोठ्या अक्षरात, चष्मा नसलेल्यांनाही वाचता येईल असं: दुकान बंद. मालकांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे. वेळेत कळलं आहे.

दुपारभर पाटीसमोर माणसं थांबत होती. बायका सरळ वर येऊन विचारून गेल्या. पुरुष मात्र रेंगाळले. काजवेबाई दुकानात सामान आवरत होत्या तेव्हा पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार आत आले. त्यांना चष्मा नको होता. त्यांनी चष्म्याच्या फ्रेमी बराच वेळ न्याहाळल्या. मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, माझा एक मित्र आहे. त्याला आपलं... सारखं जावं लागतं."

"मित्राला घेऊन या," बाई म्हणाल्या. "रक्ताची साधी तपासणी असते. डॉक्टरांचा पत्ता देते."

हवालदार गेले आणि गच्चीवरच्या खोलीत राहणारे गवई आले. त्यांचाही एक मित्र होता. मग गल्लीतला बूटवाला, त्याचा तर मावसभाऊ. चष्मेवाले पडद्याआड अंधाऱ्या खोलीत आराम करत पडले होते आणि सगळं ऐकत होते.

"या गल्लीतल्या माणसांना," ते आतून म्हणाले, "इतके मित्र आहेत हे मला माहीत नव्हतं."

बूटवाला दचकला, लाजला, मग पडद्याच्या दिशेनं म्हणाला, "शेठ, दुखतं का हो ते?"

"तपासणी? नाही. अपमान होतो थोडा. दहा मिनिटांत विसरतो."

ऑपरेशन झालं. ग्रंथी निघाली ती अख्खी, कडा स्वच्छ, शेजारच्या तपासायला काढलेल्या गाठीही स्वच्छ. हॉस्पिटलच्या त्या खोलीत दुपारी पडदे ओढलेले असायचे आणि उजेड गाळून आल्यासारखा पिवळट. चष्मेवाले औषधाच्या गुंगीत होते. बाई बाजूच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. डोळे मिटले की अजूनही ती माणसं यायची, संध्याकाळच्या रंगाची, एकामागून एक, हवालदार, गवई, बूटवाला, बसचा कंडक्टर, आपापले दिवे घेऊन कुठल्याशा मोकळ्या रस्त्यानं सावकाश चाललेली. डोळ्यांवर दोन, जबड्याखाली दोन, कण्याजवळ दोन. बाई त्यांच्याबरोबर चालत होत्या आणि कुणाच्याही दिव्याला त्या भीत नव्हत्या.

दारावर हलकीशी टकटक झाली. शेजारच्या खोलीतल्या पेशंटचा भाऊ होता, अनोळखी, हातात थर्मास.

"माफ करा हं, झोपमोड झाली," तो कुजबुजला. "कुणीतरी म्हणालं, तुम्हाला विचारावं. त्याचं असं आहे, माझा एक मित्र आहे..."

बाईंनी पाय खाली घेतले आणि बाजूची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.